इंजिन बंद होण्याबाबत आणि हौशाच्या तब्येतीबाबत

तीर्थरूप भगवंतमामांना,
धरणाकाठून हर्षलचा वाकून नमस्कार.

इकडे आई, मी आणि म्हैस अशी तिन्ही माणसं सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? अमडापूरला कापूस वेचायला बाया मिळाल्या का? आणि हौशा कसा आहे? हौशा वैरण नीट खातो का, रवंथ करतो का आणि मुख्य म्हणजे शिंगं कशाला घासत तर नाही ना, हे सविस्तर कळवावं. (शिंगं घासणाऱ्या बैलाच्या शिंगांवर जे काही बांधलेलं असेल त्याचं नुकसान होतं, म्हणून विचारलं.) पोळ्याच्या दिवशी तुम्ही त्याला आमच्या गोठ्यातून जसा सजवून नेला, तसाच तो अजून असेल अशी आशा आहे. त्याच्या अंगावरचं काही काढलं असेल तर कृपया ते उकिरड्यावर टाकू नये. कारण पुढे येईल.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन मामी स्पीकरवर लावतात, आणि मामींचं पूनमच्या मावशीशी रोज बोलणं होतं, म्हणजे अमडापुरात सांगितलेली गोष्ट मी फोन ठेवायच्या आत मलकापूरला पूनमच्या घरी पोचते. म्हणून पत्र लिहितो. आधी कच्चं लिहिलं, मग हे पक्कं. दहावीच्या पुढे गेलो नसलो तरी मराठीत मला कधी कमी पडलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते गोकुळच्या धक्क्यामुळे समजावं. (तो पलीकडे बसून "झालं का बे, झालं का" करून टेबल हलवतो आहे. पत्र तोच घेऊन येणार आहे.)

तर मामा, माझ्यासाठी पूनमचं स्थळ काढताना तुम्ही तिच्या वडिलांना, रंगरावांना, सांगितलं की आमचा भाचा बोटीवर कॅप्टन आहे. तुम्ही हे प्रेमापोटी सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हा मी आपल्या मच्छीमार संस्थेच्या बोटीत गोकुळबरोबर जाळं ओढायला होतो. किसनरावांचा पुतण्या बोट चालवायचा, तो पुण्याला कामाला निघून गेला, म्हणून अध्यक्ष या नात्याने किसनरावांनी मला सांगितलं की पावसाळ्यानंतर इंजिन चालू करून दाखव, तर तूच ड्रायव्हर. म्हणजे तुम्ही जे सांगितलं ते खोटं नव्हतं, फक्त थोडं लवकर होतं. आणि ते खरं व्हायचं की नाही, ते त्या इंजिनावर आलं. नोकरीही त्याच्यावर आणि पूनमही त्याच्यावर.

इंजिन तुम्ही पाहिलेलं आहे. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते, कोकणातून जुनं आणलेलं, वर निळा रंग होता तो आता कुठे कुठे आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून ते उतरवून आमच्या गोठ्यात लाकडी घोडीवर टांगून ठेवलं होतं. मी त्याला पोतं पांघरलं होतं. पावसाळ्यापूर्वी ते पहिल्याच स्टार्टरला चालू व्हायचं. दसरा झाल्यावर बोटीला लावलं तर हूं की चूं नाही.

आता कोणतंही इंजिन चालू होत नसेल तर पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. मी धामणगावला मोटारपंपाच्या दुकानात हाताखाली होतो तेव्हा हे शिकलो. पेट्रोल येत होतं, वासच सांगत होता. मग प्लग काढला, वायरीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि गोकुळला स्टार्टर मारायला लावला. ठिणगी नाही. दुसरा प्लग, तेच. नवे प्लग आणले, तेच. इथे मी बसून विचार केला. इंजिनाला दोन सिलिंडर, दोन प्लग, दोन कॉइल. जोडीतले दोन्ही बैल एकाच सकाळी एकाच पायाने लंगडायला लागले तर खोट बैलांत नसते, रस्त्यात काहीतरी असतं. म्हणजे दोघांना सारखं नडणारं काहीतरी आहे. पण ते काय, हे कळेना, आणि काठावर जमलेल्या सर्वांना ते माझ्याआधीच कळलेलं होतं. एक म्हणाला, खंडेनवमीला पूजेत नारळ फोडला त्याचं पाणी आत गेलं. एक म्हणाला, मॅग्नेट म्हातारा झाला. किसनराव म्हणाले, नजर लागली, आणि त्यांनी पंख्याला लिंबू-मिरची बांधली. (ती नंतर पाण्यात पंख्याबरोबर फिरून नाहीशी झाली. मासळीने खाल्ली असावी.)

त्यातच बॅटरीचा घोटाळा झाला. बोटीची बॅटरी उतरली म्हणून किसनरावांच्या ट्रॅक्टरची आणली. खंडेनवमीला त्या बॅटरीची पूजा झाली होती आणि वहिनींनी दोन्ही टोकांना भरपूर हळद-कुंकू वाहिलं होतं. मायनसच्या टोकाला जरा जास्तच. गोकुळला मी सांगितलं होतं की लाल वायर लाल टोकाला. त्याने जे टोक जास्त लाल दिसलं त्याला लावली. फस्स असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. मी लगेच वायरी काढून सरळ लावल्या. इंजिन फिरायला लागलं, म्हणून मी देवाचे आभार मानले. ते घाईने मानले असं नंतर कळलं.

ठिणगी मात्र नाहीच. शेवटी मी एकेक वायर पाहत बसलो. एक पांढरी-काळी वायर इंजिनाच्या डब्यातून निघून बंद करायच्या बटणाकडे जात होती. मला वाटलं, इंजिन चालू होत नाही तिथे बंद करायच्या वायरीचं काय काम? तपासायला म्हणून ती काढली. एक सांगायचं राहिलं, तेव्हा गोकुळ प्लग हातात धरून बसला होता. (लोखंडाला टेकवून टेकवून तो कंटाळला होता आणि इतके दिवस काही होत नाही म्हणून आता काही होणारही नाही असा त्याचा विश्वास बसला होता.) स्टार्टर दुसऱ्याच कुणीतरी मारला. गोकुळ बसल्या जागेवरून उठला नाही, उडाला. उभा राहून एकच शब्द ओरडत होता, "करंट हाये बे! करंट हाये!" त्याला त्रास झाला याचं मला वाईट वाटलं, पण एवढी चांगली बातमी मला आजवर कुणी दिली नव्हती. तेव्हापासून तो प्लगजवळ जात नाही. इंजिनाला लांबूनच हात जोडतो.

इंजिन चालू झालं आणि त्याच दुपारी तुम्ही पाठवलेले रंगराव घर पाहायला आले. सोबत पूनम आणि पूनमची आत्या वच्छलाबाई. आजकाल पोरगीच पाहते, आम्ही नुसते सोबत येतो, असं रंगराव म्हणाले. चहा झाला, पोहे झाले. आईने तुमच्या सांगण्याप्रमाणे पितळी तांब्या बाहेर काढला होता. रंगराव म्हणाले, "घर पाह्यलं, म्हैस पाह्यली. आता जहाज दाखवा." मला नाही म्हणता आलं नाही. मी, गोकुळ, रंगराव, पूनम आणि आत्याबाई असे बोटीत बसलो. किसनराव काठावर उभे राहिले, अध्यक्षाने काठावर असावं म्हणून.

मामा, इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्या इंजिनाचा गिअर जुना आहे. तो पडतो, पण इंजिन चालू असताना निघत नाही. किसनरावांच्या पुतण्याची पद्धत अशी होती की बटण दाबून इंजिन बंद करायचं आणि मग लाकडी ठोकळ्याने दांडा मागे ठोकायचा. मीही तीच शिकलो. दुसरी पद्धत असते हे मला माहीत नव्हतं. धरणाच्या मध्यापर्यंत बोट छान गेली. रंगराव खूश होते. मी वेग कमी केला, वळवली, काठाच्या जवळ आलो आणि बटण दाबलं. इंजिन चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. तेव्हा मला आठवलं की बंद करायची वायर तर मी काढून ठेवली आहे. तिच्यामुळेच ठिणगी आली आणि तिच्यामुळेच आता ठिणगी जात नव्हती.

काठावर दगड आणि बाभळीचे बुडलेले बुंधे, पंखा फिरता ठेवून तिथे घुसणं म्हणजे पंखा गेला. म्हणून बोट पुन्हा आत वळवली. मग पुन्हा काठाशी आणली. पुन्हा आत. घाण्याचा बैल फिरतो तसे आम्ही धरणात गोल गोल फिरत होतो, अगदी सावकाश, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण थांबण्यासारखंही काही नव्हतं. काठावरून किसनराव ओरडले, "हर्शल्या, थांबव ना बे!" मी ओरडलो, "थांबत नाही!" ते ओरडले, "काऊन?" आता काऊनचं उत्तर धरणातून ओरडून देण्यासारखं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पेट्रोलची नळी काढायची. मलाही सुचलं. पण नळी पेट्रोलच्या टाकीत जाते आणि टाकीवर रंगराव बसले होते. त्यांना ते आसन वाटलं होतं. नळी त्यांच्या मांडीखालून गेलेली. मी म्हटलं, मामाजी, जरा उठता का? ते म्हणाले, "मी उठत नसतो. मले पोहता येत नाही." मी सांगितलं, उठायला पोहावं लागत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी बोटीच्या कडा धरल्या आणि डोळे मिटून हनुमानाचं काहीतरी म्हणायला सुरुवात केली. चोक ओढून इंजिन गुदमरवावं तर त्याचं बोंडुक केव्हाच तुटलेलं. प्लगची वायर उपटावी म्हटलं तर गोकुळने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार सोडला. (खरं सांगायचं तर माझाही हात धजावला नाही.) आत्याबाई शांत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे एवढीच फेरी असते अशी त्यांची समजूत होती. त्या मला दोनदा म्हणाल्या, "लय फिरवून राह्यला रे बाबा, चांगलं पोरगं हाये."

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी मीटर काढला. इंजिन चालू आहे तोवर चार्जिंग तरी पाहून घ्यावं, पुन्हा अशी संधी कधी मिळेल. सुकाणू सोडता येईना, म्हणून एक हात कमी पडत होता. तेव्हा पूनम वडिलांच्या बाजूने उठून मागे आली, काही न विचारता मीटरची काळी वायर धरली आणि म्हणाली, "कुठी लावू?" मी सांगितलं. लाल मी धरली. बॅटरीवर आकडा बारा आणि तोही उतरत होता. चालू इंजिनावर चौदाच्या आसपास पाहिजे. आकडे तीच वाचून दाखवत होती. मग डायनॅमोच्या पिवळ्या वायरींवर लावलं, तिथे करंट भरपूर. म्हणजे करंट तयार होतो, पण बॅटरीपर्यंत पोचत नाही. मधे एक छोटा डबा असतो, त्याला रेक्टिफायर म्हणतात. डायनॅमोचा करंट पुढे-मागे हेलकावे खात येतो, त्याला हा एका दिशेने लावून देतो. तो डबा कुंकवाच्या दिवशी जळला होता. पूनमने विचारलं की तो कशाने जळला. मी सगळं सांगितलं, हळद-कुंकवासकट. ती हसली. मग म्हणाली, तुम्ही शाळा का सोडली? तेही सांगितलं. मग तिने तिचं सांगितलं. इंजिनाच्या आवाजामुळे जवळ बसून बोलावं लागत होतं. हे इतकं सविस्तर लिहायची गरज नव्हती, पण राहू दे.

शेवटी पेट्रोल संपलं आणि इंजिन आपण होऊन थांबलं. आम्ही वल्ह्याने काठाला लागलो. रंगराव उतरले, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चालू होते हे पाह्यलं म्या. आता बंद होते का नाही, थे दाखवा. येत्या रविवारी येतो. बंद झालं तर होकार, नाही झालं तर राम राम." किसनरावही हेच म्हणाले, फक्त राम रामऐवजी त्यांनी दुसरा शब्द वापरला. तर मामा, माझ्या संसाराची आणि नोकरीची अशी स्थिती आहे की रविवारी ते इंजिन बंद झालं पाहिजे.

ते गेल्यावर मी वायर परत जोडली, तशी ठिणगी पुन्हा गेली. मग बटणाजवळ कंदील धरून बारकाईने पाहिलं. तेव्हा सगळं समजलं. बटणाखाली एक खाच आहे. तिथे प्लॅस्टिकची एक चपटी चिमटी बसते आणि चिमटीला दोरी असते, गोल गोल वळ्यांची, जुन्या टेलिफोनला असायची तशी. दोरीचं दुसरं टोक ड्रायव्हरने मनगटाला बांधायचं. ड्रायव्हर पाण्यात पडला की चिमटी निघते आणि ठिणगी बंद, म्हणजे बोट माणसाला सोडून जात नाही. पुतण्या मनगटाला बांधायचा नाही, चिमटी आपली कायम खाचेत बसलेली, म्हणून मला कधी तिचं काम कळलं नाही. आता खाच रिकामी आहे. म्हणजे इतके दिवस इंजिनाची समजूत होती की ड्रायव्हर पाण्यात पडला आहे. आणि मी नवे प्लग हातात घेऊन त्याच्यासमोर उभा होतो.

ती चिमटी मी करून पाहिली. बाभळीची केली, ती पाण्याने फुगली. टूथब्रशच्या दांड्याची केली, ती इंजिन थरथरलं की उडते. या इंजिनाची आता दुकानात मिळत नाही, मलकापूरला दोन दुकानदारांनी माझ्या हातातलं चित्र पाहून मला साखळीचं कुलूप दाखवलं.

तर माझी विनंती अशी की तुमचे साडू मुंबईला गोदीत कामाला आहेत, त्यांना सांगून एक जुना रेक्टिफायर मिळतो का ते पाहावं. दोन पिवळ्या वायरी, एक लाल, एक काळी. तूर्त बॅटरी मोटारसायकलवरून धामणगावला नेऊन चार्ज करतो, पण ते किती दिवस चालणार? बाकी इकडे सगळं ठीक. मामींना नमस्कार. हौशाच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हर्षल

ता. क. : काल गोकुळच्या फोनमध्ये पोळ्याचे फोटो पाहत होतो. एका फोटोत तुम्ही हौशाशेजारी उभे आहात, फेटा छान दिसतो. हौशाच्या कपाळावर बाशिंग आहे आणि ते एका लाल, वळ्यावळ्यांच्या दोरीने शिंगांना बांधलेलं आहे. फोटो मोठा करून पाहिला. दोरीच्या टोकाला चपटी चिमटी लोंबते आहे. मामा, तुम्ही पोळ्याच्या सकाळी गोठ्यात बैल सजवत होता, आणि इंजिन तिथेच पोत्याखाली होतं. मला कुणाला काही म्हणायचं नाही. दोरी ताणली जाते, सुटत नाही, रंगही शोभतो. तुमच्या जागी कुणीही तीच ओढून काढली असती. बांधलेली दोरी तुम्ही अजून सोडली नसेल, कारण सजवलेला बैल लवकर उतरवला तर नजर लागते असं तुम्हीच म्हणता. आज पहिल्यांदाच मला तुमचं हे म्हणणं पटलं. तर एवढी दोरी सोडून गोकुळच्या हाती द्यावी, रविवारच्या आत. गोकुळला सोडायला सांगू नये. तो आता प्लगला आणि हौशाला सारखाच भितो.

ता. क. दुसरा : चिमटी दाताने ओढू नये. हौशानेही ओढू नये. आणि हे मामींना सांगू नये. बैल कपाळाला काही बांधल्याशिवाय सुना दिसतो असं वाटलं तर गोकुळबरोबर नवे गोंडे पाठवले आहेत, लाल.

ता. क. शेवटचा : पूनमचा निरोप आला आहे. रविवारी रंगराव बोटीत बसणार नाहीत, काठावरूनच पाहणार आहेत. बोटीत ती आणि आत्याबाई. ती म्हणते, इंजिन बंद होतं हे दाखवायचंच तर काठाशी कशाला, धरणाच्या मधोमध दाखवा, म्हणजे बाबांना लांबूनही नीट दिसेल. आणि बंद केलेलं इंजिन उतरलेल्या बॅटरीवर लगेच चालू होत नाही ना, असंही तिने विचारलं आहे. म्हणून रेक्टिफायरची घाई करू नये. मिळाला तरी रविवारनंतरच पाठवावा. दोरी मात्र आजच.